वायपरखालचा गेज

ह्यात शेवटी कुनाला काय द्यावं लागलं, ते आधी वळखून दावा. वळखलं तर च्या माझ्याकडनं. आजवर मी एक बी च्या पाजल्याला न्हाई.

चौफुल्याजवळ बाळू मिस्त्रीचं गॅरेज हाय. तिथल्या बाकड्यावर मी रोज बसतो. किस्से शोधाया लागत न्हाईत. गाडी येती, गाडीसंगं मानूस येतो, मानसासंगं त्याचं रडगानं येतं. महिन्याभरात डोकं भरतंय. हे समदे किस्से एकाच गाडीचे.

*

गाडी केडगावच्या किसन आप्पाची. आप्पा झेंडू लावतो. गाडी वीस वर्सं जुनी, पर कार्बोरेटर न्हाई, इंजेक्शनवाली. आप्पाच्या मालकिनीच्या, शांतावहिनीच्या, किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं दोनदा हडपसरला मशीनवर जायचं, नंबर अकराचा. उशीर झाला का पुढचा पेशंट दारात हुभाच, म्हंजी वहिनींचा टाइम कापला. टाइम कापला का पानी अंगातच. पाय सुजून मुसळावानी.

आन् ही गाडी, यवत सोडलं का धाप टाकायची आन् बंद. पंधरा मिन्टं थंड झाली का पुन्ना चालू, जसं काय झालंच न्हाई.

*

आप्पा पयल्यांदा शिरूरला मेव्हन्याच्या वळखीच्या मिस्त्रीकडं गेला. त्यानं चावी फिरवली, मागच्या सीटला कान लावला. टाकीतनं 'घूं' आलं. म्हनला, "पंप ओके." मग प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी बदलल्या. यवतच्या म्होरं गाडी बंद.

आप्पा आमच्याकडं आला तवा बाळूनं इचारलं, "आप्पा, पंपाचं प्रेशर मोजलं का त्यानं?"

"मोजायचं काय त्यात? घूं ऐकाया आलं की."

मागच्या सीटवरनं वहिनी म्हनल्या, "रातभर मी बी कन्हते. म्हंजी मी बी ओके?"

*

बाळूनं पेट्रोलचा फिल्टर काढून कागदावर आपटला. काळं पानी निघालं, चुलीतल्या राखंवानी. टाकीत पेट्रोल बोटभर.

"आप्पा, पंप टाकीत पेट्रोलात बुडून थंड ऱ्हातो. तुमी सदा रिझर्ववर. पंप भाजतो, आन् तळाचा गाळ वढतो त्यो येगळाच."

"शंभराचं टाकलं का जाती की."

वहिनी म्हनल्या, "डाक्टरनं मला पानी मोजून दिलंय. ह्यांनी गाडीला बी त्योच डाक्टर लावला."

फिल्टर नवा बसवला. यवतच्या म्होरं गाडी बंद. त्या दिवशी वहिनींचा दीड तास कापला.

*

मग बाळूनं पेट्रोलचं प्रेशर दावनारा गेज लावला. काटा तीनवर पायजे. गाडी चालू केली, तीन. रेस दिली, तीन. तासभर चालू ठिवली, तीनच. डाक्टरम्होरं उभं ऱ्हायलं का कसा ताप उतरतो, तशी गाडी.

बाळू च्या प्याया गेला. मी पंपाला करंट सोडनारा रिले काढला आन् बंडीच्या खिशात टाकला. त्यो आला, स्टार्टर मारला. काटा शून्य. गडी खूस. "घावलं," म्हनला. मागची सीट काढली, टाकीवरचं झाकन उघडलं, घामाघूम झाला. मग मी खिशातनं रिले काढून इचारलं, "मिस्त्री, ह्यो कशाचा असतोय ओ?"

बाळूनं माझ्याकडं पाना उचलला. पर बाकड्यावर बसलेल्या वहिनी हसल्या. सुई टोचून टोचून गाठी आलेला हात पोटाशी धरून हसल्या. आप्पा मला बाजूला घिऊन म्हनला, "तात्या, चार महिन्यांत हसली न्हवती."

मी म्हनलं, मग आता हसवायचंच.

*

शेवटाला बाळूनं ठरवलं. गॅरेजात काटा पडत न्हाई, म्हंजी गाडी तापल्यावर, वझं घिऊन पळताना पडतोय. पंप का वायरिंग, ते तवाच कळंल. अंदाजावर काय बदलायचं न्हाई, अंदाजावर शिरूरवाल्यानं लई बदलून झालंय.

वहिनींच्या मशीनचा दिवस धरला. त्यांना जायाचंच हाय. बाळूनं गेजचा पाइप बॉनेटमधनं भायेर काढला, गेज काचंवर वायपरखाली घातला, वरनं टेप मारला. पंपाच्या वायरिंगला एक बारका दिवा जोडून त्यो बी काचंशी ठिवला, करंट तुटला का विझनारा. बाळू गाडीवर, मी त्याच्या शेजारी, मागं आप्पा आन् वहिनी. काटा बघायचं काम माझं.

यवतच्या अलीकडं मी वरडलो, "पडला, पडला!" बाळूनं खचकन गाडी कडंला घेतली. काटा तीनवर. वहिनी खुदकन हसल्या.

यवतमदी पुन्ना वरडलो. पुन्ना हसल्या.

बाळू म्हनला, "तात्या, आता तुमी भायेरची शेतं बघा. काटा मी बघतो."

मी शेतं बघत बसलो.

यवत सोडून पाच-सात मिन्टं झाली आसतील. बाळू हळूच म्हनला, "पडला. तात्या, दोनवर आला. बघा, ह्या टायमाला खरंच पडला." तोंडावर असं हसू, पोरगं झाल्यावर बापाच्या तोंडावर असतंय तसं. मी काटा बघाया मान वळवली. त्याच्या पल्याड उसाची ट्रॉली हुभी. चाक निखळलेली, मागं लाल फडकं सुदीक न्हाई.

माझ्या दोन बरगड्या. आप्पाच्या कपाळाला खोक. वहिनींना नुस्तं खरचटलं. इंजन आत आलं ते बाळूच्या बाजूला.

ॲम्ब्युलन्स आली, बाळूला आत घातलं. मानूस म्हनला, "नातेवाईक एकच बसा."

वहिनींनी इचारलं, "कुठं नेताय?"

त्यानं दवाखान्याचं नाव घेतलं. त्यांच्या मशीनचाच दवाखाना.

वहिनींनी फाइलीची पिशवी उचलली आन् वर चढल्या. म्हनल्या, "मी त्याची मावशी."

साडेधाला पोचल्या. समद्या महिन्यांत पयल्यांदा नंबराच्या आदी. पुरे चार तास मशीन मिळालं. सांजंला मी बघितलं तवा पायाची सूज उतरल्याली, चप्पल घालून चालत व्हत्या.

बाळू दोन मजले वर. शुद्धीवर आला तवा मी शेजारी व्हतो, बरगड्या बांधून.

"तात्या, शेवटाला काटा कितीवर व्हता?"

"दीडवर."

"आन् वायरिंगचा दिवा?"

"लख्ख चालू व्हता."

"मग पंपच. आप्पाला सांगा, आता दुसऱ्या कशाला हात लावू देऊ नगा."

चादर पायाकडं सपाट दिसत व्हती. उजवा पाय, गुडघ्याच्या खाली.