रेषेबाहेरची खुर्ची

खुर्चीत पाच मिनिटं नीट बसता न येणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकच होता, आणि आमच्या अक्कानं नेमकं त्याच्याच नावाचं कुंकू लावलं. कॉलेजात दाजी कबड्डीचे राजे. त्यांचा सामना असला की गुलमंडीतली निम्मी दुकानं लवकर बंद व्हायची. पुढं त्याच कॉलेजानं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं आणि रेषेबाहेर एक खुर्ची दिली. तिथंच सगळा घोटाळा झाला! पोरगा चढाईला गेला की हे खुर्चीतून 'कबड्डी कबड्डी' सुरू करत, तेही त्याच्याबरोबर एकाच दमात. पोरगा आत रेंगाळला की इकडं दाजींचा चेहरा जांभळा. घरीही तेच. अक्का वाढायला वाकली की हे झटकन पाय आवरून घेत, कुणी घोटा धरील म्हणून! "अहो, मी बायको हाय तुमची," अक्का कपाळाला हात लावायची. पहाटे पोरांना हर्सूलच्या तलावापर्यंत पळवत, तिथं स्वतःच पहिले पोचत, आणि वर "लई मंद हाय राव तुम्ही" म्हणून त्यांनाच झापत.

पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात गेला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. आमचा पोरगा पकडीत सापडला, हात मध्यरेषेपासून वीतभर लांब. दाजी खुर्चीतून उठले, थेट मैदानात घुसले आणि त्याचा हात धरून रेषेवर ओढला! आता काय बोलावं? पंचांनी गुण समोरच्यांना दिला, सामना गेला. घरी आल्यावर दाजी म्हणाले, "मला हे नाय जमायचं. राजीनामा देतो." अक्कानं आमटी वाढता वाढता विचारलं, "खेळ आता पोरांचा का तुमचा?" माणूस इतका खचलेला आणि ही असं बोलते, मला तिचा रागच आला. दाजींनी मात्र आमटीची वाटी पुढं केली, आणि राजीनामा काही दिला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच वेळ. चढाईआधी पोरानं विचारलं, "सर, कसं जाऊ?" दाजींच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ते त्यांनी गिळलं. "तुला जमंल तसं जा," म्हणाले आणि तोंडात रुमाल कोंबून बसले. पोरगा डावीकडून घुसला. दाजी त्या बाजूनं जन्मात गेले नसते. गडी बाद करून तो परतला! लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. दाजींकडं कुणाचं लक्षही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून जवळ गेलो, तर ते घळाघळा रडत होते.

"इतके सामने जिंकलो रे," ते म्हणाले, "पण असं रडू एकदाबी नाय आलं."

मी नुसता त्यांच्या शेजारी उभा राहिलो.