गुडघे टेकण्याआधीचा पडदा

दोंडाईच्यात आमच्या हौशी नाटक मंडळीचा पडदा ओढणारे आबा शिंकले, की स्टेशनातली गाडी सिग्नलची वाट न बघता सुटते. बोलतात मात्र मुंगीला ऐकू जाईल एवढंच.

दर जत्रेला आमचं एकच जुनं नाटक. त्यात परधर्मी सावकारावर खटला चालतो. राणी दयेवर भाषण करते, न्यायाधीश त्याला सोडतो आणि लगेच गुडघ्यावर बसवून धर्म बदलायला लावतो. तेव्हा अशा शिट्ट्या पडतात, की धुळ्यातली कुत्री भुंकतात. सावकार होतात आमचे शिंपी चाचा, कारण गावात दाढी त्यांचीच खरी.

यंदा त्यांची नात पहिल्यांदाच पुढे बसली होती. न्यायाधीश "सोडा याला" म्हणाला आणि आबांनी धाडकन पडदा पाडला.

मॅनेजर धावला. "आबा, धर्म बदलायचा राहिला ना! लोक मंडप पेटवतील!"

आबांनी दोरी कमरेला गुंडाळली. "माफी व्हयनी ना भाऊ? मंग नाटक सरनं."

चौघं दोरीला झोंबले. सातपुडा हलला असता, आबा हलले नाहीत.

चाचा तोंडाचा रंग न पुसताच खाली उतरले आणि नातीशेजारी जाऊन बसले.