घाटावरची इंजिनरूम

आमच्या क्लासच्या आसपास समुद्राचा थेंब नव्हता, पण किस्से मात्र तळं भरेल एवढे! जुने मित्र भेटले की अजून एखादा नवा निघतोच. नव्वदच्या दशकात, सिन्नरजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जहाजाची डिझेल इंजिनं शिकलो. शिकवायला वाघचौरे सर, जहाजावर चीफ इंजिनिअर होऊन रिटायर झालेले.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मोठ्या जहाजाचं मेन इंजिन टू-स्ट्रोक असतं. तीन मजली घराएवढं!"

माझ्या शेजारी बसलेल्या पुंडलिकने हात वर केला. "सर, टू-स्ट्रोक तर आमच्या मामाची मोपेड हाय. चढाला पायडल मारावं लागतं!"

सर शांतपणे म्हणाले, "समुद्राला चढ नसतो रे बाबा."

*

घरच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन पुंडलिकच चालवायचा, पण ते स्पार्क प्लगच्या ठिणगीशिवाय पेटतं कसं, हे त्याला पटेना. सरांनी सायकलचा पंप आणला, तोंड बोटाने दाबून धरलं आणि त्याला जोरात पंप मारायला लावलं. "हवा दाबली की तापते. त्यात डिझेल फवारलं की पेटलंच! आता नळी धरून बघ."

त्याने धरली आणि हात झटकला. "पटलं सर, लय पटलं!"

*

पुंडलिकचे वडील जीप चालवायचे. एकदा डबा द्यायला आले आणि मागे बसून ऐकू लागले. सर सांगत होते, "मेन इंजिनाला गिअरबॉक्स नसतो. जहाज मागे न्यायचं तर इंजिन थांबवून उलटं फिरवायचं."

वडील उभेच राहिले. "सर, आमच्या जीपचं बी तेवढं करून द्या. रिव्हर्स पडतच नाय!"

*

सरांकडे हळदीकुंकू होतं आणि लाइट गेली. सर जनरेटरची दोरी ओढून घामाघूम, पण तो ढिम्म!

"जहाजावर इंजिन हवेच्या दाबाने सुरू करायचो," सर पुटपुटले.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "फुंकर मारू का मग?"

*

शेवटी मुंबईला नोकरीचा इंटरव्ह्यू. आम्हा दोघांना जहाजावरच बोलावलेलं. वीज बनवणारं फोर-स्ट्रोक इंजिन धडधडत होतं. तिथले साहेब म्हणाले, "आवाज बिघडलाय. काय झालंय?"

मी पुस्तकातली सात कारणं म्हणून दाखवली. पुंडलिकने लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. एकेका सिलिंडरपाशी थांबत गेला.

"तिसऱ्याचा इंजेक्टर, साहेब."

इंजिन थांबवून डिझेल फवारणारा तो इंजेक्टर बदलला, पुन्हा सुरू केलं. आवाज एकदम सरळ!

साहेब बघतच राहिले. "आधी कुठल्या जहाजावर होतास?"

"जहाजावर नाय साहेब," पुंडलिक म्हणाला. "विहिरीवर!"