भावोजींची खात्रीची माणसं

ये, अशी जवळ बस. फोनातल्या पाच चांदण्या बघून ब्लाउज शिवायला टाकलास ना? आता बाही दंडात रुतली तेव्हा माझी आठवण झाली. अगं, आधी आमच्या धाकट्या भावोजींना विचारायचं! अख्ख्या भिवंडीत कौतुकाला इतका घाबरणारा माणूस दुसरा नाही.

जन्मभर त्यांनी लूमच्या कारखान्यात कापड तपासलं. टेबलावरून तागा सरकतोय आणि हे तुटलेला धागा, तेलाचा डाग शोधतायत. सवय अशी जडली की लग्नाच्या पंगतीतही जिलबी उजेडात धरून बघतात. "ज्याला ताग्यात खोट दिसत नाही तो एकतर झोपलाय, नाहीतर शेठचा मेव्हणा आहे," असं त्यांचं म्हणणं. काम सुटल्यावर आपलं आपणच शिकून त्यांनी वेबसाइट काढली. शिंपी, प्लंबर, खानावळी, कोण कसं ते त्यावर लोकांनी लिहायचं. वाचावं कुणीही, पण लिहावं फक्त खात्रीच्या माणसांनी. आता खात्री कशी करायची? तर टेमघरला घरी बोलवायचं आणि साखरेऐवजी मीठ घातलेला चहा पुढे करायचा. "वा, छान!" म्हणणारा बाद. किती भली माणसं त्या कपात बुडाली म्हणून सांगू! आमचे हे, त्यांचे सख्खे थोरले भाऊ, तेसुद्धा. राहनाळच्या गोडाऊनमधला एक हमाल मात्र पहिल्याच घोटाला म्हणाला, "काका, चाची से झगडा हुआ क्या?" भावोजींनी त्याची पाठ थोपटली. झाला तो खात्रीचा.

पुढे त्यानंच धामणकर नाक्यावरच्या एका खानावळीबद्दल लिहिलं, 'डाळ पातळ. पोळी गार. बाई रागीट.' खानावळ माझ्या जावेची. म्हणजे भावोजींच्याच बायकोची!

"अहो, पुसा ते! गिऱ्हाईक तुटतंय माझं," जाऊ कडाडली.

"डागावर खूण करायची असते, पुसायचा नसतो. आज तुझं पुसलं तर उद्या बाकीचं कोण खरं मानेल?"

"मग जेवा त्या खरं बोलणाऱ्याच्याच हातचं!"

तेव्हापासून भावोजी माझ्याकडे जेवायला. रोज माझ्या आमटीत खोट काढायची, आणि हात धुताना हळूच विचारायचं, "वहिनी, नाक्यावर गर्दी असते का हो?"

शेवटी एका दुपारी जावेनं आम्हाला दोघांना खानावळीत बोलावलं. डाळीची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. चांगली दाट. "कशी झालीय?"

भावोजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला. चष्मा पुसला. म्हणाले, "छान."

"मीठच घातलेलं नाही त्यात," जाऊ म्हणाली.

तिलाही हसू आलं नाही, मलाही नाही. त्याच संध्याकाळी भावोजींनी खात्रीच्या माणसांतून स्वतःचं नाव काढून टाकलं. नियम तो नियम. आता साइट तो हमालच बघतो. 'डाळ सुधारली. पोळी बरी. बाई तशीच,' असं परवा लिहिलंय मेल्यानं. भावोजी नुसतं वाचतात, आणि दोन्ही वेळा बायकोच्या हातचं जेवतात.

निघालीस? ब्लाउज ठेव इथंच, बाही उसवून देते. पण लवकर ये गं. टेमघरला जाऊ दोघी. चहा भावोजी अजून स्वतःच करतात. कसाही लागला तरी एकदा छान म्हण. पूर्वी खपत नसे, आता बरं वाटतं त्यांना.