आक्काच्या वाट्याचं ऊन

हे नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. मुलाला सांगणार नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही आक्काला ओळखत नव्हता, म्हणून जमतंय.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. विधवा, मूलबाळ नाही. आमचा मळा नाशिकच्या कडेला, झेंडू आणि शेवंतीचा. घरात कामं वाटलेली होती — चूल तिच्याकडे, फुलं माझ्याकडे. मी अंगणात उन्हात बसून हार ओवायचे, ती आत धुरात सगळ्यांच्या भाकरी थापायची. गॅस आला तोवर तिची छाती गेली होती. चार पावलं टाकली की धाप. विडीला कधी हात लावला नाही तिनं, तरी डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झालीत. कुणासाठी गिळला तिनं तो धूर? भाकरी मीच खाल्ल्या ना.

मग रक्त तपासलं. डी व्हिटॅमिन अगदीच कमी. गंगापूर रोडच्या त्या डॉक्टरांनी मला कळेल असं सांगितलं — छातीच्या जुन्या आजारात ते पुष्कळांचं कमी असतं, माणूस घराबाहेरच पडत नाही. त्यानं दम बरा होईल असं नाही. पण ती घेते त्या दम्याच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, त्यांना ते लागतं. आठवड्याला एक पुडी दुधातून द्या आणि रोज सकाळी हातपाय उघडे ठेवून उन्हात बसवा.

आमच्या घराला ऊन एकाच जागी — अंगणात, फुलांच्या ढिगापाशी. मळ्यापर्यंत चालणं तिला जमत नव्हतं. एक-दोन सकाळी ती तिथे बसली. मग त्र्यंबकेश्वरला हार नेणारा आला आणि नेमकी आक्काला खोकल्याची उबळ आली.

"मावशी, देवाच्या फुलांचा आपण वाससुद्धा घेत नाही," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्यांच्यावर खोकायला माणूस बसवलंय?"

हसत म्हणाला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी आक्काची खुर्ची मागच्या खोलीत नेली. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

फुलं जरा पलीकडे सरकवता आली नसती का? आली असती. पण मलाच तो खोकला कानाशी नको होता — गिऱ्हाइकाचं आयतं निमित्त मिळालं.

पुड्या मात्र न चुकता दिल्या. त्या संपल्यावर परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "उन्हात बसवता ना?" आक्का माझ्या शेजारीच होती. मी म्हणाले — हो, रोज.

"मग पुड्या बंद करू आता."

रिक्षात बसल्यावर आक्का धाप आवरून म्हणाली, "काय गं, आज ऊन कसं होतं?"

मी रिक्षावाल्याला सांगत बसले — द्वारका चौकातून नको घेऊ, तिथे गर्दी असते.

पुढच्या थंडीत ती न्हाणीतून आली आणि खुर्चीवर बसायला गेली. पडली असंही नाही, जरा धपकन बसली. खुबा मोडला. अशा छातीला भूल द्यायला कुणी तयार होईना. खाटेवर पडून पडून कफ साठला. होळीच्या आधी गेली.

ऊन मिळालं असतं तर खुबा वाचला असता? डॉक्टरांना विचारता आलं असतं. पण त्याआधी, खोटं बोलले होते ते सांगावं लागलं असतं. नाही विचारलं.

आता फुलं नाहीत, मुलगा नोकरीला. अंगण मोकळं पडलंय. सकाळचं सगळं ऊन माझं — तिथेच आक्काची खुर्ची टाकून बसते. मध्ये मुलानं माझंही रक्त तपासून घेतलं. डी चांगलं भरपूर निघालं.

"आजी, उन्हात बसता वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणाले — हो, रोज.