अडकलेल्या गाडीचा गार्ड

माझे वडील कर्जतच्या घाटात मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले. आजार काही नव्हता. जेवायला उठवले की दोन घास घेत आणि पुन्हा पडत. त्यांनी मला रेल्वेत चिकटवायचे ठरवले होते आणि मी खालापूरला कचेरीत कारकून झालो, म्हणून हे सारे माझ्यामुळेच, असे मला वाटे. पाऊस लांबला तरी आपलेच काही चुकले असेल, असे वाटणारा मी माणूस.

लढाई संपल्यावर रेल्वेचे एक साहेब विलायतेला परत निघाले. त्यांच्या बंगल्यातले सामान विकायला निघाले तेव्हा लोकांनी खुर्च्या, कपाटे नेली. मी चावीची आगगाडी घेतली. पत्र्याचे इंजिन, डबे, शेवटी गार्डाचा डबा आणि गोल जुळणारे रूळ. "थोडी दुरुस्ती आहे," असे त्यांचा खानसामा म्हणाला होता.

मी वडिलांच्या खाटेभोवती रूळ मांडले आणि चावी दिली. गाडी अर्धी फेरी गेली आणि कुरकुरत थांबली. वडिलांनी कूस बदलली.

"का थांबली?"

"जरा बिघाड आहे, बाबा."

"मग मागनं दुसरी आली म्हंजे?"

"दुसरी गाडी नाहीच आहे."

"तसं मानून चालत नाय रं," म्हणत ते उठलेच.

घाटात गाडी अडकली की गार्डाने मागे चालत जायचे आणि येणारी गाडी रोखायची, असा नियम. वडिलांनी गार्डाची जुनी पेटी उघडून लाल निशाण काढले. ते निशाण खरे तर जमा करायला हवे होते, या विचाराने मला घाम फुटला. तेवढ्यात माझी बायको भाताचे भांडे घेऊन चुलीकडून रुळांपाशी आली.

"सूनबाई, रूळ ओलांडू नको गं. लाइन क्लियर नाय," असे बजावून वडील मागच्या दाराने गेले. ती भांडे धरून तिथेच उभी राहिली.

मी धावत गेलो तर कडावच्या रस्त्यावर त्यांनी पेंढ्याची बैलगाडी अडवली होती.

"पुढं गाडी अडकलीय," वडील म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

गाडीवान खाली उतरला आणि तंबाखू मळू लागला. मागे दूधवाला सायकलवरून उतरला. "सायकल तरी जाऊ द्या की, आजोबा!"

"सायकलीला निराळा कायदा हाय का रं?"

मी घरी पळालो, बोटाने गाडी ढकलून उरलेली फेरी पुरी केली आणि दारातून ओरडलो, "सुटली!" वडिलांनी निशाण गुंडाळले, घरी येऊन हातपाय धुतले आणि पाटावर बसले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून भाकरी मागून घेतली.

मला मात्र गाडीवानाचा आणि दूधवाल्याचा विचार सोडवेना. नासलेल्या दुधाचे पाप कुणाला? म्हणून मी इंजिन चौक गावी नेले. तिथे घड्याळे आणि स्टोव्ह दुरुस्त करणारे एक चाचा होते. "एक स्क्रू ढिला आहे, भाऊ," म्हणत त्यांनी तो बसल्या बसल्या आवळून दिला.

आता गाडी न अडखळता फिरू लागली. वडिलांनी ती थोडा वेळ पाहिली.

"बरी चालते," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. संध्याकाळी जेवायला उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाहीत.

दुपारी मी पेचकस घेऊन इंजिनाशी बसलो.

"अहो, आत्ता तर दुरुस्त करून आणलंत ना?" बायकोने विचारले.

"हळू बोल."

"मग हे काय चाललंय?"

"बिघडवतोय."

तिने खाटेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी भाताचं भांडं अलीकडे आणते."