बीप

दुकानदाराने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि माझा कॉम्प्युटर नुसता बीप करत राहिला.

"हा बीप रॅमचा आहे, ती नीट बसली नसेल," मी म्हणाले.

तो बाबांकडे वळला. "काका, ते लिनक्स उडवून विंडोज टाकू. डेटा जाईल."

त्या डेटात माझा वर्षभराचा प्रबंध होता. दुखतंय कुठे, ते यंत्र इतक्या मोठ्याने सांगत होतं, तरी तो ऐकेना. मग माझा हळू आवाज कुठून पोचणार?

मी कॉम्प्युटर बंद केला, रॅम काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली आणि दाबून बसवली. पडद्यावर लिनक्सच्या पांढऱ्या ओळी धावल्या.

"काका, काय केलंत हो?" दुकानदाराने विचारलं.

बाबांच्या दोन्ही हातांत हेल्मेटं होती.